तिसरी तबकडी नसलेली लुचिया

गेल्या अंकात एकांनी विचारलं होतं, ऑपेरा कधीच ऐकलेला नाही, सुरुवात कुणापासून करू, आणि मी घाईघाईत 'जोन सदरलंड ऐका' एवढं एका ओळीत लिहून पुढच्या प्रश्नाला लागलो. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आलीत की विचारू नका. ई-मेल आले, व्हॉट्सॲप आले, एक तर चक्क आंतरदेशीय आलं. म्हणून यावेळी दुसरं काही नाही, फक्त ही बाई. (पखवाजावरचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.)

प्रश्न : आजोबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना डेक्का कंपनीच्या दोन एलपींचा सेट सापडला. नाव 'द आर्ट ऑफ द प्रिमा डोना', गायिका जोन सदरलंड. आजोबा पक्के नाट्यसंगीतवाले, बालगंधर्वांपुढे त्यांना दुसरं कुणी दिसायचंच नाही, त्यांच्याकडे हे कुठून आलं देव जाणे. ही बाई नक्की कोण? आणि याची काही किंमत येईल का? (गिरगाव)

उत्तर : किमतीचं शेवटी सांगतो. आधी तुमच्या आजोबांना नमस्कार, कारण तुम्हाला जे सापडलंय ते माझ्या मते बाईंच्या अख्ख्या कारकिर्दीतलं सगळ्यात चोख काम आहे आणि ते त्यांनी वयाच्या ३३व्या वर्षी करून ठेवलंय.

जन्म ७ नोव्हेंबर १९२६, सिडनी. वडील स्कॉटलंडहून आलेले, शिंपीकाम करायचे. आई घरच्या घरी फार सुंदर गायची, स्टेजवर कधी गेली नाही पण रोजचा रियाझ चुकवायची नाही, आणि ही पोरगी पियानोजवळ बसून ते सगळं ऐकून ऐकून उचलायची. सहाव्या वाढदिवसाच्या दिवशीच वडील वारले. शाळा संपल्यावर टायपिंग वगैरे शिकून ऑफिसात सेक्रेटरी. मग गाण्याच्या स्पर्धा जिंकल्या, पैसे साठले तसे १९५१ला आईला घेऊन लंडन गाठलं. कॉव्हेंट गार्डन या तिथल्या मोठ्या ऑपेरा थिएटरच्या ऑडिशनमधून एकदा सोडून जास्त वेळा परत पाठवलं, १९५२ला घेतलं तेही किरकोळ कामांसाठी.

आता खरी गंमत. तिचा आणि आईचा दोघींचा ठाम समज की हा आवाज वजनदार आहे, जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांसाठीच आहे, नॉर्वेच्या किर्स्टन फ्लॅगस्टॅडसारखा. सिडनीचाच एक पियानोवाला मुलगा होता, रिचर्ड बॉनिंग, तो म्हणायचा नाही, हा आवाज तानेचा आहे, वर जाणारा आहे. ही ऐकेना. मग हा काय करायचा, रियाझाला बसलं की तिला न सांगता हळूच पट्टी चढवत न्यायचा, आणि तिला नुसतं ऐकून कुठला सूर वाजतोय ते ओळखता यायचं नाही त्यामुळे ती आपली नेहमीच्याच पट्टीत गातोय असं समजून बिनधास्त वर जाऊन यायची. आपल्याकडे पेटीवाल्याने बुवांना न विचारता काळी एकची काळी दोन केली असती तर पेटीसकट बाहेर गेला असता. हिने त्याच्याशी १९५४ला लग्न केलं आणि शेवटपर्यंत संसारही केला आणि गाणंही.

१७ फेब्रुवारी १९५९ला कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन संगीतकार दोनिझेत्तीचा 'लुचिया दि लामेरमूर' झाला, दिग्दर्शक झेफिरेल्ली, ऑर्केस्ट्रा सांभाळायला ऐंशीचे तुल्लियो सेराफिन, आणि रात्री पडदा पडला तेव्हा सात वर्षं त्याच कंपनीत गाणारी ही बाई जगातली मोठी गायिका झाली होती. गोष्ट थोडक्यात अशी की भाऊ लुचियाचं लग्न तिच्या मनाविरुद्ध लावून देतो, ती लग्नाच्याच रात्री नवऱ्याला भोसकते आणि रक्ताने माखलेल्या कपड्यांत खाली वऱ्हाडापुढे येऊन गायला लागते. भान गेलेलं आहे, प्रियकराशी लग्न लागतंय असं तिला दिसतंय. पाव तास, वीस मिनिटं हेच. मध्ये एक जागा आहे तिथे सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि फक्त बासरी आणि ती, बासरीने म्हणायचं, हिने उचलायचं, सवालजवाबच. (ही जागा दोनिझेत्तीची नाही बरं का, त्याच्या नंतर कितीतरी वर्षांनी गायिकांसाठी घातलेली आहे. आपल्या नाटकांतल्या पदांतही अशा नंतर शिरलेल्या जागा कमी नाहीत.) आणि शेवटचा सूर आहे काळी दोन, पण कुठली? पेटीवर मधली पांढरी एक धरा, तिच्यावर दोन सप्तकं चढा, तिथली काळी दोन. आपल्याकडे बाई काळी पाचला सा लावून बसली असेल तर तार सप्तक संपवून त्याच्याही वरच्या सप्तकातला शुद्ध मध्यम. तिथे नुसतं पोचून भागत नाही, सूर तिथे भरलेला हवा, किंचाळी नको. तिचा तिथेच सगळ्यात गोल व्हायचा.

लुचियाची तिने स्टुडिओत दोन रेकॉर्डिंग केली. पहिलं १९६१चं, रोमच्या सांता चेचिलियाच्या ऑर्केस्ट्राबरोबर, दुसरं १९७१चं, टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, पाव्हारोट्टीबरोबर. दुसऱ्यात टेनर जबरदस्त आहे, पहिल्यात ती जास्त ताजी आहे. पहिल्याशी माझं जरा जुनं दुखणं आहे. कॉलेजात असताना चोरबाजारात एका दुकानदाराकडून मी तो तीन तबकड्यांचा खोका घेतला, घासाघीस करून, खोक्याचं वजन हाताला बरोबर लागत होतं म्हणून तिथे उघडून नीट पाहिलं नाही. घरी येऊन बघतो तर पहिली आहे, दुसरी आहे आणि तिसऱ्याच्या जागी कुठल्यातरी मार्चिंग बँडची रेकॉर्ड. वेड लागण्याचा प्रवेश तिसऱ्या तबकडीवर. म्हणजे माझी लुचिया कितीतरी वर्षं शहाणीच होती, लग्न व्हायचं आणि मग एकदम बँडवाले यायचे, जे आपल्याकडच्या लग्नाच्या क्रमाला धरून नाही पण असो.

तुमचा सेट ऑगस्ट १९६०चा, लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये केलेला. सोळा गाणी आणि प्रत्येक गाणं जुन्या काळच्या कुठल्या ना कुठल्या थोर गायिकेची आठवण म्हणून घेतलेलं. त्याला ग्रॅमीही मिळालं. सगळं एका दमात ऐकू नका, अजीर्ण होईल. पहिलं गाणं आर्नचं, 'द सोल्जर टायर्ड', ते लावा आणि फक्त ताना ऐका. वेगात जाताना प्रत्येक सूर सुटा, मण्यासारखा, मध्ये कुठे 'ह' घातलेला नाही. तान घेणाऱ्या कुणालाही हे विचारा, ह न घालता सुटे सूर काढणं काय असतं.

किंमत. इंग्लंडची पहिली छपाई असेल, कव्हरवर नंबर एसएक्सएलने सुरू होत असेल तर ती स्टिरिओ आणि त्याला जमवणारे लोक विचारतात, एलएक्सटी असेल तर मोनो. पण आपल्या मुंबईच्या हवेत चार पावसाळे कपाटात काढले की कव्हरला बुरशी येते आणि भाव तिथेच पडतो. तबकडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ फडक्याने गोल गोल, खाचांच्या दिशेने पुसा, आडवं पुसू नका, लेबल भिजवू नका, आणि उभ्या ठेवा, एकावर एक रचून नको. माझं मत विचाराल तर विकू नका.

प्रश्न : तुमच्या सांगण्यावरून यूट्यूबवर ऐकलं. आवाज अचाट आहे, मान्य. पण मला एक शब्द कळला नाही. इटालियन येत नाही ते सोडा, माझ्या इटालियन येणाऱ्या भाचीलाही कळला नाही. चाळीस वर्षं मराठी शिकवलंय, शब्द खाणाऱ्या गायकाला मी गायक म्हणत नाही. (दादर)

उत्तर : बाई, तुम्ही एकट्या नाही. हा आरोप तिच्यावर पहिल्यापासून आहे, टीकाकारांनी आयुष्यभर केला आणि तिला तो ठाऊक होता.

पण दोन गोष्टी वेगळ्या करू. एक शरीराची. आपण 'ई' आणि 'आ' वेगळे ओळखतो ते तोंडाच्या पोकळीत कुठली कंपनं उठून दिसतात त्यावरून. बाईचा सूर एका मर्यादेच्या वर गेला की मूळ सूरच त्या कंपनांच्या वर निघून जातो, मग ओळखायला काही उरतच नाही, त्यात सूर भरीव राहावा म्हणून गायिकेला जबडाही उघडावा लागतो, त्यामुळे ई, ऊ, ए सगळे 'आ'कडे झुकतात. हे कुठल्याही सोप्रानोला (उंच पट्टीच्या गायिकेला) चुकत नाही. तारसप्तकात आकारात तान चालू असताना आपण कुठे शब्द मागतो?

दुसरी गोष्ट तिची स्वतःची, आणि तिथे तुमचं बरोबर आहे. १९५९च्या एप्रिलमध्ये, लुचियानंतर लगेच, पॅरिसच्या ऑर्केस्ट्राबरोबर तिने एक छोटी रेकॉर्ड केली होती, नेल्लो सांतीच्या हाताखाली. ती ऐका. शब्द ठीकठाक उभे आहेत. मग त्याच वर्षी तिचं सायनसचं मोठं ऑपरेशन झालं, आणि पुढच्या दोनतीन वर्षांत एक सुस्त, ओघळणारी ढब आली, सूर एकमेकांत इतके सांधायचे की व्यंजनं मध्ये अडचण वाटायला लागली. तुकडा न पडणारी ओळ हवी तर ट, क, प हे शत्रूच. तिने ओळ निवडली, शब्द सोडले. नाट्यसंगीतात वाढलेल्या माणसाला हे खुपणारच, मलाही खुपतं, १९६०च्या दशकाच्या मधल्या काही रेकॉर्डी मी त्याच कारणाने क्वचित लावतो. १९७०च्या दशकात परत बऱ्यापैकी सुधारलं.

प्रश्न : कॅलास की सदरलंड? एकच नाव सांगा. (विलेपार्ले)

उत्तर : नाही सांगत. ८ नोव्हेंबर १९५२ला कॉव्हेंट गार्डनमध्ये मारिया कॅलासने (तिच्याच काळातली दुसरी मोठी ऑपेरा गायिका) 'नॉर्मा' गायला, त्यातल्या १८ तारखेच्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण मिळतं. त्यात नॉर्माची सखी क्लोटिल्डा आहे, दोनचार ओळींचं काम, ते सदरलंडने केलंय, पहिल्या प्रयोगाच्या आदल्याच दिवशी २६ पूर्ण झालेली. दोघी एकाच रेकॉर्डवर मिळत असताना भांडता कशाला. आणि १९५९च्या त्या लुचियाच्या रंगीत तालमीला कॅलास स्वतः येऊन बसली होती. शब्दाने काळजाला हात घालायचा असेल तर कॅलास, हे मात्र दादरच्या बाईंना कळवतो.

प्रश्न : आमचे हे रिटायर झाल्यापासून तुमच्या नादाने सकाळ-संध्याकाळ ऑपेरा लावतात. बिल्डिंग जुनी, भिंती पातळ. परवा शेजारच्या काकू विचारायला आल्या, कुणी गेलं का. काहीतरी हसतंखेळतं सुचवा. (डोंबिवली)

उत्तर : वहिनी, माफ करा, आणि काकूंनाही माझ्यातर्फे सांगा. तुमच्या ह्यांना दोनिझेत्तीचंच 'ला फीय द्यु रेजिमाँ' लावायला सांगा, म्हणजे पलटणीची लेक. अनाथ पोरगी सैनिकांच्या पलटणीत वाढलेली, तोंडाळ, ढोल वाजवणारी, अख्खी पलटण तिचा बाप. सदरलंडने हे १९६६ला कॉव्हेंट गार्डनमध्ये केलं, पुढच्या वर्षी रेकॉर्ड केलं, आणि रडक्या भूमिकांची ही उंच, धिप्पाड बाई विनोदात एवढी रमते हे लोकांना तेव्हा कळलं.

त्यात टेनर आहे तरुण पाव्हारोट्टी. एकाच गाण्यात नऊ वेळा वरचा सा (वेस्टर्नवाले हाय सी म्हणतात), आणि तो इतका सहज घेतो की तुमच्या ह्यांनी आवाज वाढवला तर शेजारी टाळ्या वाजवतील. या दोघांची जोडी कशी जमली ते सांगतो. १९६५ला सदरलंडने स्वतःची कंपनी घेऊन ऑस्ट्रेलियाचा दौरा काढला, चौदा आठवडे, आणि तिला शेजारी उभा राहिला तर शोभेल एवढा उंच टेनर हवा होता. हा उंच होता, घेतला. त्या दौऱ्यात पाव्हारोट्टी तिच्या बरगडीखाली हात ठेवून बघायचा की श्वास नेमका कुठे धरते, कसा सोडते, आणि दमसास मी तिच्याकडून शिकलो हे त्याने पुढे जगजाहीर सांगितलं. एवढा मोठा गवई झाल्यावर असं कबूल करणारे आपल्याकडे किती आहेत ते तुम्ही मोजा.

आणि ह्यांना एक हेडफोन घेऊन द्या.

प्रश्न : 'नेस्सुन दोर्मा' मला १९९०च्या फुटबॉल वर्ल्डकपपासून पाठ आहे. त्या मूळ रेकॉर्डिंगचे कंडक्टर आपले झुबिन मेहता असं ऐकलं. आणि त्यात सदरलंडही आहे म्हणे? मग तिचा आवाज का नाही येत? (माझगाव)

उत्तर : बरोबर ऐकलंत. बीबीसीने वर्ल्डकपला वापरलेलं पाव्हारोट्टीचं गाणं हे पुच्चीनीच्या 'तुरानदोत'च्या १९७२च्या डेक्का रेकॉर्डिंगमधलं, लंडन फिलहार्मोनिक, कंडक्टर झुबिन मेहता. तुम्ही माझगावचे म्हणजे तुम्हाला सांगायला नको, ते तुमच्याच सेंट मेरीजचे विद्यार्थी. २९ एप्रिल १९३६चा मुंबईचा जन्म, वडील मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, हा मुलगा झेवियर्समधून डॉक्टरकी सोडून १९५४ला व्हिएन्नाला गेला आणि त्यानंतर अठरा वर्षांनी हे.

सदरलंडचा आवाज त्या गाण्यात नाही कारण ते गाणं राजपुत्राचं. ती आहे राजकन्या तुरानदोत. येणाऱ्या प्रत्येक स्थळाला तीन कोडी घालते, चुकला की मान उडवते. ही भूमिका लोखंडी आवाजाच्या बायकांची मानली जाते, सदरलंडने स्टेजवर ती आयुष्यात कधी केली नाही, त्यामुळे डेक्काने तिला घेतलं तेव्हा लोकांनी भुवया उंचावल्या. आणि निघाली अशी की आजही या ऑपेराचं नाव काढलं की पहिलं हेच रेकॉर्डिंग पुढे येतं. दुसऱ्या अंकात तिचं पहिलं मोठं गाणं आहे, 'इन क्वेस्ता रेज्या', तिथे आई म्हणायची तो वजनदार आवाज खरंच होता की काय असं वाटतं. बॉनिंग बरोबर होता, आईही अगदीच चूक नव्हती. त्यात स्पेनची मोठी गायिका माँसेरात काबाये दासीच्या कामात आहे, म्हणजे एका रेकॉर्डवर तिघं दिग्गज आणि काठी मुंबईकराच्या हातात.

जाताजाता, हेही किंग्जवे हॉललाच झालं. त्या हॉलच्या खालून भुयारी रेल्वे जायची आणि तिथल्या कितीतरी रेकॉर्डिंगमध्ये शांत जागी ती गुरगुर पकडली गेलीय. चर्नी रोडला राहिलेल्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही.

प्रश्न : हिने भारतावरचे ऑपेरा गायलेत का? (ठाणे)

उत्तर : गायलेत, आणि गाणं सोडून हसायचं असेल तर जरूर ऐका. एक देलिबचा 'लाक्मे', १८८३चा, सदरलंडचं रेकॉर्डिंग १९६७चं. लाक्मे म्हणजे आपली लक्ष्मी, ब्राह्मण पुजारी नीलकंठाची मुलगी, इंग्रज ऑफिसरच्या प्रेमात पडते आणि शेवटी धोतरा खाऊन मरते. धोतरा हो, शंकराला वाहतो तोच. दोघी बायकांचं फुलं तोडतानाचं गाणं तुम्ही एका विमान कंपनीच्या जाहिरातीत ऐकलंय. तिचं घंटेचं गाणं तर गिरगावच्या आजोबांच्या सेटमध्येही आहे. त्यात चक्क विष्णूला ब्रह्मदेवाचा मुलगा करून टाकलंय. नाभीतून कमळ, कमळातून ब्रह्मदेव हे पॅरिसपर्यंत उलटं पोचलं. पण घंटेसारखे ते सुटे सूर ती काढते तेव्हा वंशावळ कुणाला आठवते.

दुसरा मास्नेचा 'ल र्वा द लाओर', लाहोरचा राजा, १८७७चा, तिने १९७९ला रेकॉर्ड केला. यात तिचं नाव सीता. मुसलमानी आक्रमणाचा काळ, अकरावं शतक, राजा मारला जातो, इंद्राच्या स्वर्गात जातो, तिथे करमत नाही म्हणून भिकारी होऊन परत येतो. आणि खलनायकाचं नाव काय, तर सिंदिया! म्हणजे आपले शिंदे, महादजींच्या सातशे वर्षं आधी, लाहोर दरबारात. साताऱ्याकडच्या वाचकांनी मनाला लावून घेऊ नये. मला तरी हा ऑपेरा आवडतो, कुणी लावत नाही ही त्याची तक्रार.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची, शास्त्रीय शिकते. सदरलंड ऐकून तसा आवाज काढायला बघते, तिच्या गुरुजींनी रागावून बंद करायला सांगितलं. चूक कुणाची? (बोरिवली)

उत्तर : गुरुजींचं ऐका. ऐकणं बंद करू नका, नक्कल बंद करा. तो आवाज माईकशिवाय सत्तर-ऐंशी वाजवणाऱ्यांच्या पलीकडे पोचवायला बनवलेला असतो, त्याची तालीम वेगळी. सदरलंडलाही तिच्या आईने पोरवयात मोठी गाणी गायला दिली नव्हती, आवाज पिकेपर्यंत मधल्या सप्तकात ठेवलं. गायिका म्हणून तीही तिथूनच पुढे ६४व्या वर्षापर्यंत टिकली, ३१ डिसेंबर १९९०ला कॉव्हेंट गार्डनला शेवटचा निरोप घेतला आणि त्यानंतर शांतपणे स्वित्झर्लंडला घरी, विणकाम-भरतकाम करत. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये गेली, ८३ वर्षांची होऊन.

आता गिरगावकर, एक काम. ते कपाट अजून पूर्ण आवरलं नसेल तर खालच्या फळीवर नीट बघा, डेक्काची, लुचिया, १९६१, तिसरी तबकडी सुटी पडलेली असेल तर कळवा. माझ्याकडे पहिली, दुसरी आणि बँड तयार आहे.